हडळ झाल्यापासून

४ जाने., रवि.

सगळ्यात आधी जिग्नेश आला. तो नेहमीच आधी येतो, आधी आलेल्याला गरम मिळतं ना. चपला काढायच्या आधीच "बा, शुं बनाव्युं?" गुजराती पोरगा, आजीला बा म्हणतो, काय केलंय खायला विचारतो. मग निकी, माझ्या लेकीची पोरगी. तिच्या मागून अजून तिघं. मी भजी केली होती तरी येताना पोंकवडे, हुरड्याचे वडे, घेऊन आले. खोली भरली. बरं वाटलं. मुलगा राजू नि सून मनीषा वेगळे राहायला गेल्यापासून इथं माझाच आवाज मला ऐकू येतो.

मीटिंग होती. वर्ष कसं गेलं त्याची. ह्या पोरांनी गेल्या वर्षी भुताच्या शिणेमांचा फेस्टिवल भरवला, लग्नाच्या वाडीत, हॉलच तो, पडदा लावून. काय चुकलं, काय जमलं. निकी म्हणे पंख्यांचा आवाज फार. दुसरा म्हणे कामरेजच्या पोरांच्या शिणेमातलं भूत आलं तर बाया हसायला लागल्या. मी म्हटलं हसणारच, त्या भुतानं मोजे घातले होते. लोळले सगळे.

जिग्नेश म्हणे, "पण बाची एन्ट्री! आखी वाडी किंचाळली!"

किंचाळली खरी. ह्या पोरांच्या शिणेमात मी हडळ होते. निऱ्या मागं खोचल्या, केस पाठीवर मोकळे सोडले, नि कॅमेऱ्याकडं पाठ करून उलटी चालत आले. पडद्यावर वाटे केस तोंडावर आलेत नि पाय उलटे आहेत. इतकं सोपं. तिसरी शिकलेली बाई मी, आणि शिट्ट्या कोणाला? मला. कप पण दिला, 'बेस्ट भूत'. देव्हाऱ्यात नाही ठेवला. टीव्हीवर ठेवला.

मग निकी हळूच म्हणाली, लहान पोरांना दारातच अडवायला पायजे होतं. मी चहा ठेवायला उठले.

५ जाने., सोम.

काल लिहिता लिहिता थांबले. लहान पोरं म्हणजे आमची गुड्डीच. राजूची मुलगी, चार वर्षांची. दूध सुटलं तेव्हापासून माझ्याच कुशीत झोपायची, माझा कान धरून. वाडीत आईच्या मांडीवर बसली होती, पहिल्या रांगेत. मीच म्हटलं होतं पुढं बसा, आजी नीट दिसेल.

त्या दिवसापासून माझ्याजवळ नाही आली. दारात उभी राहायची. "पाय दाखव." मी लुगडं वर करून दाखवायचे. नीट बघायची. सरळ आहेत म्हणायची. आणि तरी आत यायची नाही.

दिवाळी झाल्यावर राजूनं कडोदऱ्याला खोली घेतली. कारखाना जवळ पडतो म्हणे. इतकी वर्षं लांब नव्हता पडत. मनीषा भांडली नाही. सून भांडली असती तर मी पण दोन शब्द बोलले असते नि मोकळी झाले असते. पाया पडून गेली, काय करणार.

८ जाने., गुरु.

भाजीवाली ओरडली, "ओ हडळमावशी, इकडं या!" कोथिंबीर फुकट दिली वर. कॉलेजातल्या एका पोरीनं फोटो काढला माझ्यासंगं. म्हणे केस सोडा ना. भर बाजारात सोडले की! लाज नाही वाटली. ह्यांनी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं… असो. गेले बिचारे.

घरी येऊन मनीषाला फोन लावला. गुड्डीला सांगावं म्हटलं गंमत. "झोपलीय ती, आई." मागं कार्टून चालू होतं, मोठ्यानं.

११ जाने., रवि.

निकी एकटी आली. रडली थोडी. "आजी, आमच्यामुळे झालं." मी म्हटलं तुमच्यामुळे कसं व माय, पाय तर माझेच होते.

जिग्नेशनं युक्ती काढलीय. म्हणे शिणेमा कसा करतात ते पोरांना दाखवलं की भीती जाते. संक्रांतीला गुड्डीचं बोरन्हाण आहे, मनीषा हो म्हणालीय, इथंच करायचं. तेव्हा सगळ्यांसमोर निऱ्या मागं खोचायच्या, केस सोडायचे, नि सांगायचं बघ, आजीच आहे. पटलं मला. उजेडात कसली आली भीती.

बोरं आणली. चुरमुरे, उसाचे तुकडे. हलव्याचे दागिने निकी बनवणार.

१४ जाने., बुध.

आले. गुड्डीला काळं झबलं, हलव्याचा मुकुट. किती गोड दिसत होती. दारातच थांबली. पाय दाखवले. तिनं एक पाऊल आत टाकलं. एकच.

जिग्नेश म्हणाला, "गुड्डी, जो, बघ, जादू!" मी तिच्यासमोरच निऱ्या फिरवल्या. केस सोडले. पाठ केली. भर उन्हात गॅलरीत. आणि उलटी चालत आले. घाबरू नये म्हणून बोलत राहिले, "बघ गुड्डे, मीच हाय, आजी, बोलतेय ना तुझ्याशी…"

हेच चुकलं. शिणेमात हडळ बोलत नव्हती. आज माझ्या आवाजात बोलली.

वळून बघितलं तर गुड्डी रडत नव्हती. आईच्या पदरात तोंड घालून विचारत होती, "माझी आजी कुठाय?"

मी म्हटलं, "मीच ना ग."

"तू नको. पहिलीवाली."

मनीषानं उचललं तिला. बोरन्हाण राहिलं. राजू जिना उतरताना एवढंच बोलला, "आई, तुला पण काय गरज होती?" पतंगवाल्यांच्या आरडाओरड्यात पुढचं ऐकू आलं नाही. बरं झालं.

१५ जाने., गुरु.

बोरं खालच्या पोरांना वाटली. कोणी घेतली, कोणी नाही.

१८ जाने., रवि.

पुन्हा मीटिंग. आज पण जिग्नेशच पहिला. ह्या वर्षी फेस्टिवल मोठा करायचा, लहान पोरांना बंदी, दारावर दोन माणसं. शहाणपण आलं. कोणासाठी आलं ते नाही कोणी बोललं.

नि नवा शिणेमा. जिग्नेश म्हणे, "बा, त्या दिवशी तुम्ही बोलत बोलत उलट्या आल्या ना, मला अंगावर काटा आला, सच्ची. तेच ठेवू. प्रेमानं हाक मारणारी हडळ."

निकी त्याच्यावर ओरडली. मग माझ्याकडं बघून, "आजी, नको असेल तर नको सांग. खरंच."

नको म्हणायला तोंड उघडलं. सगळे माझ्याकडं बघत होते, पाच तोंडं, भजी हातात. खोटं कशाला लिहू, मला हाक मारायची होती तशी. नाही म्हटलं तर ही पोरं दुसऱ्या कोणा म्हातारीकडं जातील. तिथं पण भजी मिळतील.

हो म्हटलं. पुढच्या रविवारी इथंच शूटिंग, गॅलरीत.

२० जाने., मंगळ.

मनीषाचा फोन. स्वतःहून. "आई, रविवारी सकाळी येतो. गुड्डी काल तुमचं नाव काढत होती. राहिलेलं बोरन्हाण करून टाकू." माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. मग म्हणाली, "फक्त आपण घरचेच. ती निकीची मंडळी नको त्या दिवशी. तेवढं बघा."

मी म्हटलं, हो हो.

मागून गुड्डीचा आवाज आला, "आजीला सांग, मी खाली उभी राहीन. ती वरून बोरं टाकेल."

फोन ठेवून लगेच निकीला लावला. तिचं आधीच सुरू, "आजी, कॅमेरा मिळाला! फक्त रविवार सकाळचाच मिळाला. जिग्नेश तर नाचतोय." मी म्हटलं, निकी ऐक ना… ती म्हणे, "बोल ना." मागं पोरं हसत होती. मी विचारलं, भजी कशाची करू?

मेथीची म्हणाली.

मनीषाला पुन्हा फोन लावायला घेतला. नाही लावला. शब्द जुळेनात. उद्या लावते.

२५ तारीख, रविवार. दोघींनी सकाळचंच सांगितलंय.