बाबांचा स्टिकर

१४ जाने., बुध.
दुपारी बिल्डिंगच्या ग्रुपवर बाबा दिसले. तिळगुळाच्या फोटोंच्या गर्दीत. नुसतं डोकं, कडेने कापून काढलेलं. वाकडं तोंड, ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलेला वरणभात. खाली पिवळ्या अक्षरांत ‘जेवलात का?’
स्टिकर. दुसऱ्या मजल्यावरच्या परबांनी टाकलेला. त्यावर सात जण हसले. सातही नावं वाचली.
आणि फोटो माझा. दिवाळीत मीच ग्रुपवर टाकलेला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर बाबांनी पहिल्यांदा आपल्या हाताने घास घेतला त्या दिवशी. वर लिहिलेलं, ‘तुम्हा सगळ्यांमुळे’. कारण जुलैत लिफ्ट नसलेल्या या बिल्डिंगमधून ज्या चौघांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली नेलं, त्यात पुढचे दोन पाय परबांनी धरले होते.
तेच परब.

१५ जाने., गुरु.
सुहासला दाखवला. तो चहा पीत होता. “अगं, लोकांना अक्कल नसते. म्यूट कर ग्रुप.”
“तुझ्या बाबांचा असता तर?”
“तर ग्रुपच सोडला असता.”
म्हणजे आपण निघून जायचं. नवऱ्याचे सगळे उपाय दार बंद करण्याचे.
बाबांना यातलं काही माहीत नाही, तेवढं बरं. त्यांच्याकडे साधा फोन. आणि डिसेंबरपासून ते गेटजवळच्या कट्ट्यावर बसायलाही जात नाहीत. थंडी वाजते म्हणतात. डोंबिवलीत!

१७ जाने., शनि.
जिन्यात परब भेटले. दोन दिवस मनात घोळवलेलं वाक्य तयार होतं.
“काय मॅडम, नवीन काही लिहिताय की नाही? बाबा बरे ना? काही लागलं तर हाक मारा हां, अर्ध्या रात्री.”
“हो, बरे आहेत,” म्हटलं. वर हसले. हसले मी! घरी येऊन भाजी चिरताना बोट कापलं. स्वतःच्या दातांचा इतका राग आयुष्यात आला नव्हता.
माझ्याबद्दल कुणी काही बोललं तर मी सोडून देते, देता येतं. बाबांचं सोडून देणारी मी कोण?

१८ जाने., रवि.
सेक्रेटरींची सूचना: सव्वीस जानेवारीला सत्यनारायण, महाप्रसाद दुपारी एक वाजता. त्याखाली लगेच परब. पुन्हा तोच स्टिकर.
मी लिहिलं: ‘परब, चार महिन्यांत सासरहून परत आलेल्या तुमच्या मुलीचाही एक स्टिकर करा. खाली लिहा, आलात का?’
पाठवण्याआधी दोनदा वाचलं. ‘परत’च्या जागी आधी ‘पळून’ होतं. ते काढलं. दया आली म्हणून नाही. वाक्य जड होत होतं म्हणून.
सगळ्यांनी वाचलंय, एकही जण हसत नाही.

१९ जाने., सोम.
बरं वाटतंय. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटतंय.

(संध्या.)
दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली. केतकीची, परबांच्या मुलीची. माझ्याकडून वाचायला नेलेली तीन पुस्तकं. चिठ्ठी नाही. एकात बसचं तिकीट, पान सत्त्याण्णव. अर्धंच वाचलंय.
माहेरी परत आल्यापासून ती दर आठवड्याला यायची. पुस्तकांपेक्षा बसायलाच. माझ्याशी फार बोलायची नाही, बाबांशी पत्ते खेळायची. मुद्दाम हरायची, बाबांना ते कळायचं, मग भांडणं.
परबांनी यायला हवं होतं. दार वाजवून ओरडायला. मला ओरडायचं होतं.

२१ जाने., बुध.
ठाण्याला कार्यक्रमाला गेलेले. परत आले तर मोरीत चहाचा जास्तीचा कप.
“परब आलेला,” बाबा म्हणाले. एकेक शब्द सावकाश येतो त्यांचा, पण येतो.
“माफी मागायला?”
“रडायला. पोरगी जेवत नाय म्हणाला. रविवारपासून.”
मी तावातावाने सगळं सांगितलं. फोन काढला, स्टिकर दाखवला. आता लपवण्यात काय अर्थ? त्यांनी पाहिलंही नाही नीट.
“बघितलाय. डिसेंबरात. कट्ट्यावर दाखवत होते एकमेकांना. मी तिथंच बसलेलो.”
थंडी नव्हती तर.
“मग मला का नाही सांगितलंत?”
“बाय, तू फोटो टाकलास तेव्हा मला विचारलंस?”
मी फोन उलटा ठेवला.
मग म्हणाले, “आणि माझ्यासाठी त्या पोरीला मारलंस. मी सांगितलेलं?”
टीव्हीचा आवाज वाढवला. संपलं बोलणं.

२३ जाने., शुक्र.
दोनदा पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले. दोनदा परत.
तो मेसेज आता पुसताही येत नाही, वेळ टळून गेली. आणि परबांनी अजून बाबांची माफी मागितलेली नाही. रडणं म्हणजे माफी नव्हे. आधी त्यांनी मागावी, मग मी. असं म्हणते आणि पुढच्या क्षणाला केतकीचं तोंड समोर येतं. तिचा काय संबंध होता? तिने तर तो स्टिकर कधी वापरलाही नव्हता. ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं. एकदाही नाही.
दिवाळीचा मूळ फोटो उघडला. त्यात ताट आहे, नॅपकिन धरलेला माझा हात आहे. बाबा समोर बघतायत. म्हणजे माझ्याकडे. तेवढं सगळं परबांनी कापलं. पण ते दाखवायला बाहेर नेलं कोणी?
परबांवरचा राग कमी झालेला नाही. फक्त आता तो एकट्या परबांवर नाही.

२६ जाने., सोम.
सकाळीच बाबांनी पांढरा शर्ट मागितला. “महाप्रसादाला जाणार.”
“मी ताट वर आणते ना.”
“खाली बसून जेवणार. पंगतीत. मोहने गावात कंपनीत अख्ख्या शिफ्टबरोबर जेवायचो मी.”
“बाबा, लोक बघतील.”
“बघू दे ना. कसा जेवतो ते बघू दे.”
“मग मी येते बरोबर.”
“तू नको. नॅपकिन दे.”
काठी घेऊन एकटे उतरले. मी दारात उभी राहून पायऱ्या ऐकत होते. दुसऱ्या मजल्यावर काठी थांबली. बेल.
“केतकी, चल गं. जेवायला. मला हात धरायला कुणी नाय.”
पुन्हा बेल.

आत्ता सव्वा. खिडकीतून मंडप दिसतो, पहिली पंगत बसलीय, परब वाढतायत. पांढरा शर्ट अजून खाली पोचलेला नाही. बेल तिसऱ्यांदा वाजली.
पिशवी घेतलीय. तिकीट पान सत्त्याण्णववर तसंच ठेवलंय. जाते. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. एकदाही सुधारलेलं नाही.