वन्सं, क्रीम तुम्हीच लावा

वन्सं,

संध्याकाळी तुमच्या होणाऱ्या सासरची माणसं यायचीत, त्यांच्यासाठीचा केक भाजून जाळीवर ठेवलाय. पुरता गार झाल्याशिवाय क्रीम लावू नका, नाहीतर सगळं ओघळेल. क्रीमचा डबा फ्रिजमध्ये आहे. हो, बाजारचाच! परवा चारचौघांत "वहिनीला कुठलं जमतंय, ती डबे फोडते" म्हणालात ना, तोच. आणि वर माझाच केक स्वतःच्या हातचा म्हणून होणाऱ्या सासरी मिरवलात.

डब्यातलं तसंच थापलंत तर नुसतं गोडमिट्ट लागेल. आधी मऊ बटर फेटा, मग त्यात ते क्रीम थोडं थोडं घाला. चिमूटभर मीठ आणि चमचाभर कडक कॉफी विसरू नका, त्यानेच गोडी मोडते आणि घरचं वाटतं. हलकं होईपर्यंत फेटत राहा. बीटर शोधू नका, तो माझ्याबरोबर माहेरी आलाय. हात दुखतील, दुखू देत. माझे रोज दुखतात.

आणि हो, तुमच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला होता. इतकं सुरेख क्रीम तुम्ही करता कसं, ते त्यांना शिकायचंय म्हणे. मी म्हटलं, "मग संध्याकाळची वाट कशाला बघता? आत्ताच या, थेट स्वयंपाकघरात."

निघाल्यात त्या.

– वहिनी