कातळावरचे नऊ खड्डे

॥ श्री ॥
मुलुंड, १ डिसेंबर २०२५

चि. शेवंतीस अनेक उ. आ.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून लिहितो. काल आमच्या ऋतिकाने केलेला माहितीपट अंधेरीला पाहून आलो. आदिमानवाची चित्रं, दीड तास! निवेदिका अशी कुजबुजत होती, जणू आदिमानव शेजारच्या खोलीत झोपलाय. वर बासरी. गुहेतला रानरेडा मात्र झकास, मान वळवलेला. तेवढ्यापुरता मी गप्प बसलो.

मग आला आपल्या गावचा सडा, तो उघडा कातळमाळ. कातळात कोरलेला तो माणूस आठवतो ना, ज्याच्या पोटावर आई कुळीथ वाळवायची? त्याच्यापुढे देवव्रत नावाचे कोणी विद्वान गुडघे टेकून बसले आणि बाजूच्या नऊ खड्ड्यांवरून हात फिरवत म्हणाले, की हा दहा हजार वर्षांपूर्वीचा नक्षत्रांचा नकाशा आहे. डोंबलाचा नकाशा! कातळावर खांब उभे राहीनात म्हणून तुझ्या लग्नाच्या मांडवासाठी मी आणि आपल्या भावाने, कै. चंदूने, छिन्नीने पाडलेले खड्डे ते. हाताला फोड आले होते. इथे लोक टाळ्या पिटतायत आणि आमची लेक हात जोडून उभी!

चौदा तारखेला वांद्र्याला पुन्हा दाखवणार आहेत. तिथे भर सभेत या शहाण्याची अक्कल काढतो की नाही बघ.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहेच, ती तेवढी पत्रातून कळवत जा.

तुझा
सहदेवदादा


॥ श्री ॥
दहिसर, ५ डिसेंबर २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. दादा, वांद्र्याला तोंड उघडू नकोस रे. चूक त्या विद्वानाची नाही, माझी आहे. दोन वर्षांमागे ऋतिकाने फोटो दाखवून खड्डे कसले म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून पटकन निघालं, की ते पांडवांच्या वेळचे.

खरं सांगितलं असतं तर मांडव कोणाचा, हा प्रश्न आलाच असता. तिला वाटतं आत्याने लग्नच नको म्हटलं. मानपानावरून वऱ्हाड परत गेलं आणि मी हळद लावलेली तशीच बसून राहिले, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? पोरीने माझ्यावर विश्वास ठेवला, पुढे ते विद्वानही भुलले. तू उठलास तर तिचं हसं होईल आणि माझंही सगळं बाहेर पडेल. तिच्यासाठी तरी राग गीळ.

वहिनीला नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझी
शेवंती


॥ श्री ॥
मुलुंड, १५ डिसेंबर २०२५

चि. शेवंतीस अनेक उ. आ.

काल उठलोच. रागावू नकोस, आधी पुरतं वाच. देवव्रतांनी पुन्हा नक्षत्रं काढली आणि मला राहवेना. पण माईक हातात आल्यावर घोकून ठेवलेले सगळे टोमणे विसरलो. एवढंच सांगितलं, की हे खड्डे आम्हा दोघा भावांनी मांडवाच्या खांबांसाठी पाडले. मांडव कोणाचा ते बोललो नाही. विद्वान दाढी खाजवत राहिले. ऋतिका लाल झाली, पण तिने माईक घेऊन चूक आपली म्हणून सांगितलं आणि तो भाग काढून टाकते म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला.

घरी येताना तिने मांडव कोणाचा ते विचारलं. मी सांगितलं नाही, ते सांगणं तुझं आहे. रविवारी ती तुझ्याकडे येतेय. सांगावंसं वाटलं तरच सांग.

आणि एक. त्या विद्वानाला मी मूर्ख म्हणत होतो. पण वऱ्हाड गेलं त्या संध्याकाळी आम्ही भावांनी मुकाट्याने खांब उपटले, आणि शेहेचाळीस वर्षांत तुला कसं वाटलं असेल, हे एकदाही विचारलं नाही. लाज वाटते गं. आज विचारतो. मोठं पत्र लिही.

तुझा
दादा