कोबीची रोपं आणि शुद्ध पाणी

४ जानेवारी

चि. भिंगूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल. फोनवर तुझं शास्त्र माझ्या एका कानात शिरत नाही आणि दुसरा तर केव्हाच रिटायर झालाय, म्हणून लिहितोय. रोपवाटिकेतली कोबीची तीन हजार रोपं बारा दिवसांच्या थंडीत जिथल्या तिथे थिजलीत. पानं जांभळी पडलीत. वीस तारखेला गिऱ्हाइकं येतील. मेलेली रोपं विकून नाव घालवण्यापेक्षा सगळी खतखड्ड्यात ओततो म्हणतोय. सहा वर्षं भिंगाला डोळा लावून बसलीस, आता जरा बापाच्या उपयोगी पड.

तुझे बाबा

७ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न.

रोपं मेलेली नाहीत, हे इथूनच छातीठोकपणे सांगते. थंडीत पेशी वाढायचं काम मागे ठेवतात आणि आधी घर सावरतात. पेशीचं आवरण चरबीचं असतं. गारठ्यात लोणी घट्ट होतं, तेल वाहतं राहतं. रोप ती चरबी तेलाच्या वळणावर नेतं, म्हणजे आवरण कडक होऊन फाटत नाही. आत साखर साठवतं, म्हणजे पाणी सहज गोठत नाही. जांभळा रंगही बचावाचाच.

खात्री हवी तर पानाचे तुकडे शुद्ध पाण्यात चार तास ठेवा आणि आपलं क्षार मोजायचं मीटर त्यात बुडवा. आवरण फाटलं असेल तर पेशीतले क्षार बाहेर येऊन आकडा चढेल.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची भिंगू

१० जानेवारी

चि. भिंगूस, आशीर्वाद.

आकडा सहाशे वीस! पाणी आपल्या विहिरीचं. त्याहून शुद्ध पाणी पंचक्रोशीत नाही. तुझी परीक्षा, तुझाच निकाल. सोमवारी ट्रे ओततोय. वाईट वाटून घेऊ नकोस, पुस्तकं चुकतात.

बाबा

१२ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न.

चूक माझी. आमच्याकडे शुद्ध म्हणजे बिनक्षाराचं, तुमच्याकडे शुद्ध म्हणजे गोड. विहिरीच्या पाण्यात मुळातच क्षार असतात. मुळांना ते चालतात, पण या परीक्षेला नाही. आधी नुसतं विहिरीचं पाणी मोजा. मग गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा आणि पुन्हा पाहा. तोवर ट्रे अडवायला आईला फोनवर सांगितलंय. तिच्याशी हुज्जत घालू नका, हरालच.

तुमची भिंगू

१७ जानेवारी

चि. भिंगूस, पोटभर आशीर्वाद.

तुझ्या आईने खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकली आणि स्वेटर विणत बसली. माझी काय बिशाद! नुसतं पाणी मोजलं तर सहाशे दहा. म्हणजे पानांनी सोडले जेमतेम दहा. बॅटरीच्या पाण्यातही तेवढेच. दोनदा मोजलं, मधे चष्माही पुसून पाहिला.

चार दिवसांपासून ऊन तापलंय. आज सकाळी ट्रेमध्ये पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक रोपाला मधोमध हिरवा कोंब. तीस वर्षं रोपं करतोय, आणि ती जगायची खटपट करत होती तेव्हा मी त्यांना मेलेली म्हणत होतो, याची लाज वाटते. थंडीने यातलं एकही मारलं नाही, पोरी. माझ्या हातून तीन हजार मेली असती.

तुझाच,
बाबा