वरच्या खोलीतले किसनमामा

मी, मंगलाबाई उखा बडगुजर, वय एकसष्ट, धंदा साड्यांना फॉल-पिको, राहणार भेस्तान, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणाची बळजबरी नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी मुदत सांगितली नाही, पण त्यांचा चेहरा मी वाचला. नावाआधी सौ. लावायचं की श्रीमती, ते खाली कळेल.

१. भेस्तानचं घर माझ्यामागे मुलगा गोपाल याचं. अट कलम ४ मध्ये आहे.

२. पिकोचं मशीन सून वर्षाला. सुई बदलायचा आळस तिने सोडावा. पोस्टातली ठेव नात पल्लवीला. शेजारीण धुरपदाबाईंनी नेलेलं तांब्याचं घंगाळ त्यांनाच राहू द्यावं. वीस वर्षं मागून मी थकले.

३. आता कबुली. गोपाल, तू नऊ वर्षांचा होतास. तुझी बहीण योगिता तापाने दवाखान्यात होती, त्याच आठवड्यात तुझे वडील दुसऱ्या बाईबरोबर कडोदऱ्याला निघून गेले. निरोप पाठवला, आले नाहीत. योगिता गेली, तरी आले नाहीत. मग मी सगळ्यांना सांगितलं की ते तापीत वाहून गेले. देह नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा केला आणि तुझ्या हातून त्याला अग्नी दिला. मुंडन केलेला तू त्या पुतळ्याला बाबा म्हणून रडलास. घरच्यांना तुम्ही मेलात, ही बातमी कडोदऱ्याला पोचावी, एवढाच माझा हेतू होता.

विधवेची पेन्शन मी कधी घेतली नाही. सरकारला नाही, तुला फसवलं. तुझ्या लग्नात हळद लावायला धुरपदाबाई पुढे झाल्या आणि मी स्वयंपाकघरात बसून राहिले. घेतलेलं सोंग उतरवता येत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी दार वाजलं. पांढरी दाढी, उजवं अंग लुळं. "काका, किसका काम है?" तू विचारलंस. त्यांची नजर भिंतीवरच्या स्वतःच्या हार घातलेल्या फोटोवर गेली. मी आतून म्हणाले, "मना मावसभाऊ शे, किसन." त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून ते वरच्या खोलीत आहेत, तुझे किसनमामा म्हणून.

दर पितृपक्षात तू किसनमामांना उचलून खाली आणतोस आणि पितर म्हणून पाटावर बसवतोस. बापाच्या नावाचं जेवण बापच जेवतो. पहिल्या वर्षी खीर वाढताना मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षापासून खीर वाढायला मी वर्षाला पुढे करू लागले. त्यांना जिना उतरता येत नाही, मला खरं बोलता येत नाही. एकाच घरात दोघं कोंडलो आहोत.

परवा पल्लवी मोबाइलवर ग्रीक पुराणातली गोष्ट वाचत होती. पोटच्या मुलीचा बळी देऊन राजा लढाईला गेला. परतल्यावर राणीने त्याला न्हाणीत कापडात गुंडाळून मारलं. "बरं करं तिनी," मी म्हणाले.

"आजी, पुढे ऐक ना. मग तिच्याच मुलाने तिला मारलं."

त्या दिवसापासून मला तुझ्या पावलांची भीती वाटते, गोपाल.

४. अट अशी, की वरची खोली तुझे वडील उखा यांची, ते असेपर्यंत. भिंतीवरचा फोटो उतरवावा. मी त्यांना माफ केलेलं नाही. योगिताच्या वतीने माफ करणारी मी कोण? तुझी मात्र माफी मागते, बाळा. तुला खोट्या चितेपुढे उभं केलं.

५. ट्रंकेच्या तळाशी हिरवी साडी आहे. फॉल मीच लावला आहे. मला तीच नेसवावी, कुंकू लावावं, सवाष्ण म्हणून न्यावं. लोक विचारतील. तेव्हा वडिलांना उचलून खाली आणावं.

हे सगळं मी वरच्या खोलीत वाचून दाखवलं. त्यांनी अंगठ्यासाठी डावा हात पुढे केला. मग म्हणाले, "गोप्यानी माय, आते तरी माले जित्ता कर."

ठिकाण: भेस्तान, सुरत
दिनांक: २० सप्टेंबर २०२५, सर्वपित्रीचा आदला दिवस

सही: सौ. मंगलाबाई उखा बडगुजर

साक्षीदार १: धुरपदाबाई भाईदास महाजन, शेजारीण. सगळं पहिल्यापासून ठाऊक.

साक्षीदार २: उखा भिका बडगुजर, डाव्या हाताचा अंगठा. नातं: नवरा. हयात.