फळीचं दुसरं टोक

प्रिय सुनंदा,

आज तुझ्या ओट्याखालच्या पहिल्याच दाराचा टवका उडाला. कुणाला सांगू? लोक म्हणतील, आयुष्य सुतारकामात गेलं आणि याला साधं दार कापता येईना! म्हणून तुलाच लिहितोय.

हो, तोच तुझा पिस्ता रंगाचा सनमायका लावलेला प्लाय. दुकानातला एकेक नमुना उजेडात नेऊन बघितलास, अख्खी दुपार घालवलीस, आणि शेवटी सगळ्यात आधी दाखवलेला तोच घेतलास. मग आजारी पडलीस. तेव्हापासून तो भिंतीला टेकून उभा होता. आता तो रंग येत नाही म्हणे. आहे त्यातच सगळी दारं काढायची आहेत.

मी काही घाई केली नाही गं. रेघेवर टेप लावली, सुरीने मायका आधी चिरून घेतला, मशीन सावकाश चालवलं. सरळ येत होतं. शेवटची वीतभर राहिली आणि सुटणारा तुकडा स्वतःच्याच वजनाने खाली झुकला. जाताना कोपऱ्याचा मायका घेऊन गेला.

त्या वीतभरासाठीच तू समोर दुसरं टोक धरून उभी असायचीस ना! नाकाला पदर, केसांत भुसा, आणि मशीनच्याही वरताण आवाज, "धरलंय हो, या तुम्ही!" मी वैतागायचो, "अगं, दिसतंय मला!" आता मशीन बंद केलं की घरात कसलाच आवाज नसतो. जेसल पार्कात एवढी माणसं राहतात, पण मला घर खायला उठतं.

मशीन ऐकून शेजारचे पटेलभाई आले होते. "अरे भाईसाब, अकेले क्यों करते हो? मुझे बुलाओ ना!" मी म्हटलं, "हो जाता है." होत नाही, हे मला माहीत होतं. पण तुझ्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवलं नसतं.

वेडेपणाच ना? तुझी जागा रिकामी ठेवायच्या नादात तुझीच दारं खराब करतोय!

तर ऐक. उद्या पटेलभाईंना बोलावतो. टवका उडालेला कोपरा खाली, जमिनीकडे घेईन. तुझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. बाकी एकही कोपरा जाऊ देणार नाही, शब्द देतो. फक्त शेवटची वीतभर राहिली की त्यांना मोठ्याने ओरडायला सांगणार आहे. हिंदीत ओरडोत, गुजरातीत ओरडोत. समोरून कुणीतरी 'या' म्हटल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही गं.

तुझा,
अहो