चहा होईस्तोवर

२ जून
आलो एकदाचा कोल्हापुरात! बँकेनं बदली केली तेव्हा कपाळाला हात लावला होता, पण खोली झकास मिळाली. कळंब्यात, तलावाच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. खाली घरमालक विजयसिंहकाका आणि संयोगिताकाकू. जिना त्यांच्या बैठकीतूनच वर जातो, म्हणजे येताजाता गाठ पडणारच. सामान टेकायच्या आत काकांनी चहाला बसवलं. आम्ही पुण्याची माणसं, पाहुण्याला दारातूनच वाटेला लावणारी. इथं सगळं उलटंच! अवंतिका साताऱ्याला माहेरी आहे. जुलैच्या मध्यावर बाळ येईल. तेव्हा मी तिच्या उशाशी असेन, तसा शब्द दिलाय.

६ जून
काल बँकेतून आलो तर काकांची हाक, "बसा की पावणं, चा होईस्तोवर. वेळ काय कुटं पळून जातोय व्हय?" बसलो. काय गोष्टी रंगवतो हा माणूस! कुस्तीची मैदानं, उसातले चोर, हसून हसून पोट दुखलं. उठलो तर दारात दूधवाला. रात्र कधी सरली कळलंच नाही. फोन उचलला नाही म्हणून अवंतिकानं चांगलीच खरडपट्टी काढली.

११ जून
काल खाली एक कप चहा घेतला. निदान मला तरी कालच वाटलं. आज बँकेत मॅनेजर म्हणाले, शार्दूल, तीन दिवस होतात कुठे? मी हसण्यावारी नेलं. मग मोबाइल बघितला. त्यांचंच खरं होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, मन रमलं की असंच होतंय.

४ जुलै
कपातला चहा अजून कोमट होता आणि माझी नखं वाढलेली. दाढीसुद्धा. भीती वाटतेय, सरळच लिहितो. काका-काकू मात्र जसेच्या तसे. उद्या पहाटेच्या एसटीनं सातारा. खाली थांबायचं नाही, बसायचं तर मुळीच नाही.

२९ ऑगस्ट
बसलो नव्हतो. शपथ! काकूंनी दही-साखर पुढे केली. चांगल्या कामाला निघताना त्याला नाही कसं म्हणायचं? उभ्या उभ्या तळहातावर घेतली, चाटली —
मोबाइलवर निरोप साचलेले. मुलगी झाली. बारसंही उरकलं. मैथिली. अवंतिकाचे कितीतरी फोन, मग एखाददुसरा, मग एकही नाही. ढसाढसा रडलो.
आता खाली कुणाशी बोलायचंही नाही. धावत सुटायचं.

तारीख — माहीत नाही
धावलोच होतो. काका म्हणाले, लेकीला रिकाम्या हातानं भेटतंय व्हय कोण? टोपडं तरी न्या. हात पुढे केला, एवढंच —
बॅग घ्यायला वर आलो. सगळीकडे धूळ. मोबाइल मेलेला. आरशात दाढी पांढरी —

खाली रिक्षा थांबली. अवंतिका! केस पिकलेत. सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी, तिच्या खांद्याला लागणारी. नाक माझं — माझी मैथिली —

शोधत आल्यात. खिडकी उघडत नाही. ओरडतोय, त्या वर बघतच नाहीत —

काका दारात गेले. पोरगी दमली असंल म्हणतायत. मैथिली हसली —

खाली धावू? बैठकीतूनच जावं लागेल —

अवंतिका उंबऱ्याशी वाकली. चपला काढतेय — नको गं, पोरीला घेऊन माघारी फिर, आत न